चंपा कुर्लीचं गाऱ्हाणं

बगळा कुर्ली, म्हणजे खेकडी, खातो हे मला कुणी सांगायला नको, माझा जन्म वालावलच्या खाडीकाठी गेलाय. पण आमचा बापू बगळा गेली दहा वर्षं चंपा कुर्लीला खायला येतो, तिच्या शिव्या खातो आणि उपाशीपोटी परत जातो. टीव्हीवरचं हे कार्टून बघून मुंबईपासून दोडामार्गापर्यंत माणसं दर रविवारी पोट धरून हसतात. भाग संपताना बापू म्हणतो, "फाल्या येतंय मगे!" आणि चंपा बिळातून एक नांगी वर काढून म्हणते, "ये तर खरो!" चॅनेलच्या बाईंनी सुरुवातीला विचारलं होतं, हे फाल्या नावाचं गाव कुठे आलं? फाल्या म्हणजे उद्या हो बाई, उद्या.

तर चंपा म्हणजे मी, सावित्री. आवाज माझा, शिव्याही बऱ्याचशा माझ्याच. वय अठ्ठेचाळीस, लग्न झालेलं नाही, आणि का झालं नाही ते माझ्या वहिनीला, सीतेला विचारा, ती आवडीनं सांगेल. बघायला आलेला एकजण पोह्यांतले शेंगदाणे वेचून बशीच्या कडेला लावत होता. मी म्हटलं, दाणे काय भावाला घेऊन जाणार? तो उठला तो पायरीवरून थेट रस्त्यावर. त्यानंतर आमच्या घरी पोहे फक्त खाण्यासाठी झाले.

बापूचा आवाज दत्ताराम. कुडाळचा. हा पूर्वी रिक्षावर भोंगा बांधून गावोगाव जाहिराती करत फिरायचा. एकदा भर दुपारी गाद्यांच्या सेलची जाहिरात करता करता त्याची रिक्षा नेमकी आमच्या बेड्यासमोर, म्हणजे अंगणाच्या फाटकासमोर, बंद पडली, आणि भोंगा काही केल्या बंद होईना. मी पायरीवर उभी राहून त्याला त्याच्या गाद्यांसकट जे काही सुनावलं, ते रिक्षात मागे बसलेल्या आमच्या वाडीतल्या प्रीतमनं मोबाइलवर टिपलं. प्रीतम तेव्हा कार्टून काढायचं शिकून नुकताच गावी परतलेला. दुसऱ्या दिवशी प्रीतम दारात हजर. म्हणाला, "आत्या, ह्या असाच दर आठवड्याक बोलशात?" मी म्हटलं, त्यात काय, मी रोज बोलते.

तेव्हापासून दर गुरुवारी कुडाळच्या एमआयडीसीतली एक खोली, भिंतींना चिकटवलेले अंड्यांचे ट्रे, दोन माइक, आणि समोरासमोर आम्ही दोघं. पंखा लावायचा नाही, आवाज येतो. घामानं नुसतं निथळायचं आणि भांडायचं. मध्येच दत्ताराम खिशातून खाजा काढतो. गुळाचा, आल्याचा, आपला जत्रेतला. दोन तुकडे करतो आणि मोठा माझ्यापुढे सरकवतो. मी म्हणते नको, आणि खाते. दहा वर्षांत त्यानं एकदाही मोठा तुकडा स्वतःला ठेवला नाही. आणि दहा वर्षांत त्यावर एक अक्षर बोललाही नाही. बगळ्याच्या आवाजात तासभर बडबडेल, पण माइक बंद झाला की ह्याची वाचा बसली.

अशाच एका गुरुवारी चारशे नव्व्याण्णवावा भाग झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. प्रीतमनं मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. खाली मान घालून म्हणाला, "आत्या, चॅनेलवाल्या बाईंचो फोन इल्लो. पाचशेव्या भागात कायतरी मोठा व्हया म्हणतत. एकतर बापूचा नि चंपाचा लगीन, नायतर..."

"नायतर काय?"

"नायतर बापू चंपाक खातलो. बाईंका खाल्लेलाच आवाडता. प्रेक्षक रडाक व्हये म्हणतत. मगे फुडे चंपाची नात, नवीन आवाज, मुंबयचो."

"शिरा पडो त्यांच्या तोंडार!" मी अशी ओरडले की भिंतीवरचा एक ट्रे खाली आला. "धा वर्सां हसवलंय, आता मेल्यांनो माका खातास?"

मग मी दत्तारामकडे बघितलं. म्हटलं, आता तरी काही बोलेल. खायचं त्यालाच होतं ना! तर हा बसलाय खाज्याच्या कागदाची चौकोनी घडी घालत. संध्याकाळी रिक्षानं मला घरी सोडलं, बेड्यापाशी थांबला, घसा खाकरला, आणि म्हणाला, "टायरात हवा कमी आसा." मी फाटक असं आपटलं की शेजारचा कुत्रा दोन दिवस आमच्या बाजूला फिरकला नाही.

खरं सांगू? कुर्ली मेली तर मेली. काजू सोलायला मी पुन्हा जाईन, हात अजून शाबूत आहेत. पण गुरुवार गेला असता. तो अंड्यांच्या ट्रेंचा, घामाचा, मोठ्या तुकड्याचा गुरुवार. तो गेला तर उरलेल्या दिवसांचं मी करणार काय होते? हे मला त्या रात्री अंथरुणावर कळलं, आणि मी स्वतःलाच एक शिवी घातली.

प्रीतमला मात्र एक युक्ती सुचली. आमच्याकडे विहीर खणायची तर देवीला कौल लावतात, मुलगी शिकायला पुण्याला पाठवायची तर कौल, गोठ्याचं तोंड फिरवायचं तरी कौल. मूर्तीला पाण्यानं पाकळ्या चिकटवायच्या, उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. प्रीतम म्हणाला, "बापू-चंपाच्या लग्नाचो कौल लावया. बाई माझा आयकणत नाय, देवीचा तरी आयकतील." रविवारी सकाळी अख्खी वाडी देवळात, कुडाळहून दत्तारामही. एरवी सभेला बोलावलं तर चार डोकी येत नाहीत.

कौल लावणार आमचे गावकार दाजी. वय ऐंशीच्या पुढे, आवाज मात्र नारळ फोडल्यासारखा. दाजींना टीव्हीचं वेड नाही. त्यांनी प्रीतमला विचारलं, "देवीक नाव, गाव, कूळ सांगूक लागता. बगळ्याचा कूळ काय?"

प्रीतम डोकं खाजवू लागला.

"कुर्लेचो बापूस कोण?"

"दाजीनू, ती चितरातली. आवाज तेवढो दत्तारामाचो नि आत्याचो..."

"बरा, बरा. माझा मी बघतंय," म्हणत दाजींनी पाकळ्या लावल्या आणि हात जोडले.

आता गाऱ्हाणं कसं असतं, दाजी एकेक मागणं देवीपुढे घालणार आणि आम्ही सगळ्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. जन्मल्यापासून म्हणतोय. त्याला डोकं लागत नाही, तोंड आपोआप उघडतं. मी डोळे मिटून पुढे उभी होते आणि मनातल्या मनात चॅनेलच्या बाईंना सोलत होते.

"बाये देवी, माझे आवशी! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"धा वर्सां ही दोघा एकामेकाक टोचतत, नि टोचून परत आपापल्या वाटेन जातत!"

"व्हय म्हाराजा!"

"आता ह्यो खेळ पुरे झालो! वालावलची सावित्री नि कुडाळचो दत्ताराम, हेंचा लगीन जर तुझ्या मनात असात, तर उजवी दी, नि हेंचो संसार सुखाचो कर गो माये!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज माझा. दहा वर्षं माइकवर कमावलेला आवाज, तो गाभाऱ्यात जाऊन परत आला. सीतेनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी उडालेच.

"वन्सं," ती कानात फुसफुसली, "आयकलात काय, कशाक व्हय म्हटलात ता?"

मी डोळे उघडले. अख्खं देऊळ माझ्याकडे बघत होतं. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळे. बायका खांबाला धरून हसत होत्या. प्रीतम मोबाइल धरून होता, आणि मोबाइल गदगदा हलत होता.

"आवशीचो घोव!" मी म्हटलं. देवळात. देवीसमोर. "दाजीनू, ह्या काय केलात?"

"काय केलंय?" दाजी खवळले. "बगळो म्हणजे दत्ताराम, कुर्ली म्हणजे तू, प्रीतमानच सांगल्यान. देवीसमोर खोटी नावां घेव काय? आता उगी रवा, कौल लागलो आसा! कोणाक नको असात तर आताच सांगा, पाकळी पडाच्या आधी."

माझ्या तोंडात चांगली चार वाक्यं तयार होती, दाजींना, प्रीतमला, आणि त्या घुम्या दत्तारामला. तोंड उघडलं तर एकही बाहेर येईना. मी पाकळ्यांकडे बघत राहिले. डावीकडची जरा हलली. तेव्हा मला समजलं, मी मनात काय घोकतेय ते. उजवी पाड गो बाये. उजवी पाड, तुला नवीन साडी नेसवते. जरीची. पण उजवी पाड.

पाण्याचा एक थेंब ओघळला, आणि उजवी पाकळी टप्पकन दाजींच्या हातावर.

काय तो गलका झाला! कुणी घंटा बडवली, कुणी नारळ फोडला, सीता मला मिठी मारून रडत होती, बहुधा सुटकेच्या आनंदानं. मी गर्दीत दत्तारामला शोधलं. तो मागच्या खांबाशी उभा होता, हातात खाज्याची पुडी, चेहरा खाज्यापेक्षा लाल.

मी तरातरा त्याच्यासमोर गेले. "सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटला. तू म्हणाक नाय. मी बघलंय." बघितलं नव्हतं, डोळे मिटलेले होते. पण ह्याचा आवाज दहा वर्षं कानात आहे माझ्या, तो त्यात नव्हता एवढं मला नक्की ठाऊक होतं.

तो खाली बघत म्हणाला, "दाजीन नावां घेतली नि माझो आवाजच गेलो. म्हटला, मी व्हय म्हटलंय नि तू नाय म्हटलंस तर? मगे गुरुवारचा पण येवचा बंद करशीत."

दहा वर्षांतलं त्याचं माइकशिवायचं हे सगळ्यात लांब बोलणं. मला रडू आलं. राग पण आला. "मेल्या, मग आता म्हण!"

दत्तारामनं घसा खाकरला. तोंड उघडलं. आणि घाबरून त्याच्या तोंडून जो निघाला तो बापू बगळ्याचा आवाज, घोगरा, लांबलचक, सगळ्या देवळात घुमणारा:

"व्हय म्हाराऽऽजा!"

लोक हसून हसून जमिनीवर बसले. दाजीसुद्धा. देवीसुद्धा हसली असेल, आमची देवी काही सोवळी नाही.

प्रीतमनं तिथूनच चॅनेलच्या बाईंना फोन लावला. देवीनं लग्नाचा कौल दिलाय, आता कुर्लीला खाल्लं तर वाडी मला गावात ठेवायची नाही, असं तो प्रमाण मराठीत म्हणाला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "ते सगळे ओरडत होते, ते रेकॉर्ड झालंय का?" झालं होतं. पाचशेव्या भागात बापू-चंपाच्या लग्नात जे वऱ्हाड "व्हय म्हाराजा" ओरडतं ना, ते आमचं देऊळ. त्यात सगळ्यांत वरचा आवाज कुणाचा आहे हे आता तुम्हाला सांगायला नको.

पण ते पुढचं. त्या दिवशी दत्ताराम मला रिक्षानं घरी सोडायला आला. बेड्यापाशी थांबला. पुडीतला खाजा काढून दोन तुकडे केले, मोठा मला दिला. मी नको म्हटलं नाही. मी तो घेतला, त्याचे परत दोन केले आणि एक त्याच्या हातावर ठेवला.

त्यानं टायरकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि चक्क स्वतःच्या आवाजात म्हणाला, "फाल्या येतंय मगे. तुझ्या भावाक इचारूक."

"ये तर खरो!" मी म्हटलं, आणि फाटक उघडंच ठेवून आत गेले.