उल्काच्या पुंगळ्या

माधवने नेमबाजीच्या क्लबातल्या सगळ्या गोऱ्यांसमोर बायकोची टर उडवली, हे त्याच्या आईला, सुप्रभाबाईंना मुळीच रुचलं नव्हतं. उल्काच्या जुन्या रायफलीची काडतुसं लीड्समध्ये कुठेच मिळेनात. म्हणून तिने गॅरेजमध्ये बसून दुसऱ्या मापाच्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या तापवल्या, साच्यात दाबल्या, कापल्या, आपल्या रायफलीच्या मापाला आणल्या आणि त्यांत दारू नि गोळी भरली. "पहिल्याच बाराला चिरतील," म्हणून हा दात काढत होता.

आज मॅचमध्ये एकही पुंगळी चिरली नाही. गोळ्या नेमक्या काळ्या वर्तुळात बसल्या आणि कप उल्काच्या हातात आला. माधव लगबगीने पुढे झाला, "आमची उल्का हुशारच आहे!"

सुप्रभाबाई सगळ्यांदेखत कडाडल्या, "हसताना ती तुझी कुणी नव्हती, आणि कप आला तशी आमची झाली होय रे? उचल ती रायफल आणि गुमान तिच्या मागून चालायला लाग!"