वनमालेचा पाय

दिंद्रुडात कुणाच्या कमरेत उसण भरली की दवाखान्याआधी त्यानं वनमालेचं दार गाठायचं, ही जुनीच रीत. वनमाला पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय कमरेला लागला की उसण पळते म्हणतात. लहानपणी याच पायांपायी तिला ढग गडगडले की घरात कोंडायचे, कारण वीज म्हणे पायाळूवर आधी पडते. आता चाळिशीत मात्र सरपंचसुद्धा तिच्या अंगणात निमूट पालथा झोपायचा. मिरवायला तिच्याकडं दुसरं होतंच काय?

तिची थोरली जाऊ कडूबाई वर्षभर कमरेनं बेजार होती. वाकली की सरळ होता येईना. ऊसतोडीला जायची तेव्हा, तिशीच्या आतच, तिची गर्भपिशवी काढून टाकलेली. तेव्हापासून ऑपरेशनचं नाव काढलं तरी ती थरथरायची. म्हणून तिचा नवरा धुळाजी तिला परळीच्या एका डॉक्टरीणबाईकडं घेऊन गेला. ती नुसत्या हातांनी मणके मोकळे करते, कापाकापी करत नाही, असं त्यानं ऐकलं होतं.

कडूबाई परतली ती कमरेला पट्टा बांधून, तोंडभर हसत.

"वनमाले, ऑपरेशन न्हाई म्हणली! गोळ्या, पट्टा आन् हळूहळू व्यायाम. सा महिन्यांत बरी हुशील म्हणली."

"मंग मोडली का कडाकडा हाडं?"

"न्हाई गं. फोटो बघून जोरात हातच लावला न्हाई. पिशवी लवकर काढली म्हणून मणके ठिसूळ झालेत म्हणं. कुणाला पाठ दाबू देऊ नका, पाय तर आजिबात न्हाई, असं बजावलंय."

पाय तर अजिबात नाही! वनमालेच्या मस्तकात तिडीक गेली. कालची डॉक्टरीण पोरगी, आणि मला शिकवणार?

"अक्का, आख्ख्या गावाला माजा पाय चालतो आन् तुमालाच बाधतो व्हय? सा महिने कशाला? झोपा पालथ्या!"

कडूबाई कचरली. पण जावेचं मन मोडवेना. तिनं पट्टा सोडला आणि सतरंजीवर पालथी झाली.

एरवी वनमाला पाय नुसता टेकवायची. त्या दिवशी तिनं भार दिला. रागानंच दिला, दुसऱ्या कशानं नाही. काटकी मोडावी तसा आवाज झाला. कडूबाई उठायला गेली तर पाय जागचे हलेनात.

शेवटी जे नको होतं तेच झालं. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आणि पाय गेले ते गेलेच; कमरेपासून खाली चिमटा काढला तरी कळेना. कडूबाईनं मात्र सगळ्यांना सांगितलं, हापशावर घसरून पडले. वनमालेला वाटे, हिनं चारचौघांत माझ्या तोंडावर थुंकावं, म्हणजे मी सुटेन. पण छे! तिनं कधी चकार शब्द काढला नाही.

चार महिन्यांनी कडूबाईनंच तिला बोलावून घेतलं.

"त्या दिशी तुजा पाय रागाचा व्हता, म्हणून उलटला. आता मायेनं लाव."

"नगं अक्का, तुमच्या पाया पडते."

"येवढीच आशा हाय बग मला."

धुळाजीनं बायकोला अलगद पालथं केलं आणि तो तोंड फिरवून बाहेर गेला. वनमाला हुंदके देत उभी राहिली. भिंतीला धरून तिनं पाय उचलला आणि फुलावर ठेवावा तसा जावेच्या कमरेवर ठेवला.

कडूबाई उशीत तोंड घालून वाट बघत होती.

"लाव की गं," ती म्हणाली. "कावून थांबलीस?"