नकाशात नसलेला दरवाजा

जावयाचं नाव मी घेत नाही. घ्यायचं नाही असा आम्हा वाळवंटातल्या आदिवासींत कायदाच आहे, पण कायदा नसता तरी मी घेतलं नसतं. सासू-जावयाने एकमेकांकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, एका खोलीत तर बसायचंच नाही. तो वाटेत दिसला की मी डोक्यावरून घोंगडी ओढते आणि तो वाट सोडून काट्यांत शिरतो. लोकांना वाटतं, यामुळे भांडणं टळतात. कसली टळतात! पोटात साचून राहतात. सहा वर्षं मी त्या माणसाला तोंडावर शिव्या द्यायला टपले आहे आणि मला त्या देता येत नाहीत.

सहा वर्षांपूर्वी माझी बहीण गेली. सुतकासाठी मी तिच्या वस्तीवर दोन महिने होते. घर सांभाळायला मागे कोण, तर हा. शनिवार-रविवार आला आणि हा लेटिशाला, म्हणजे माझ्या लेकीला, गाडीत घालून फुटबॉलचे सामने बघायला ॲलिस स्प्रिंग्ज शहरात गेला. गाडी बिघडली, दोन दिवसांचे आठ दिवस झाले. घर सरकारी. ऑफिसवाले आले, त्यांनी खिडकीतून डोकावलं, 'भाडेकरू सोडून गेले' असं लिहिलं आणि कुलूप बदललं. मी परतले तेव्हा माझ्या घरात भलतीच माणसं चहा पीत होती. एकवीस वर्षं राहिलेलं माझं घर. आठ महिने मी चुलत बहिणीच्या व्हरांड्यात कुत्र्यांच्या शेजारी झोपले. ती माणसं निघून गेली म्हणून घर परत मिळालं, नाहीतर मिळालंही नसतं.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. घर माझ्या नावावर हवं होतं. पुन्हा कुणी मेलं, मी चार महिने गेले, तरी परत आल्यावर माझी किल्ली माझ्या कुलपाला लागली पाहिजे. ऑफिसात भिंतभर फळी आहे आणि वस्तीतल्या प्रत्येक दरवाजाची किल्ली तिथे नंबर लावून टांगलेली आहे. मी तिथे गेले की माझं लक्ष एक्केचाळीस नंबरवरच जायचं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

म्हणून केरिन योजना घेऊन आली तेव्हा सगळ्यांत पुढे जाऊन मी बसले. ही केरिन ऑफिसातली, वयाने माझ्या लेकीएवढी. मला 'मिर्टल' म्हणून हाक मारते आणि मी बहिरी असल्यासारखं माझ्याशी सावकाश, मोठ्याने बोलते. ती म्हणाली, जुनी घरं दुरुस्त करायची, वस्तीतल्याच माणसांनी करायची, आणि नकाशाप्रमाणे काम झालं की घर राहणाऱ्याच्या नावावर.

नकाशा पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. आतल्या सगळ्या भिंती काढून एक लांबलचक मोकळी खोली, आणि दरवाजा एकच, समोरचा. जुन्या घराला मागे धुण्याच्या खोलीतून एक दरवाजा होता. तो मेला तिथून ये-जा करायचा म्हणून आम्ही एका घरात राहू तरी शकत होतो. मी केरिनला सगळं समजावून सांगितलं. एक खोली आणि एक दरवाजा म्हणजे मी तरी बाहेर किंवा तो तरी, आणि तो गेला तर लेक आणि नातवंडंही गेली. तिने मान डोलावत सगळं लिहून घेतलं. महिन्याभराने नकाशा परत आला. आत रेघही बदलली नव्हती, वरच्या पानावर मात्र आमच्या मानासाठी म्हणून एक रंगीत घोरपड काढली होती.

कामाला माणसं घेतली चार. मुकादम बॉब, गोरा, कंबर धरून चालणारा. बाकीचे तिघे म्हणजे हा आणि याचे दोन भाऊ. आमच्यात जावयाचे भाऊ तेही जावईच, म्हणजे माझं घर फोडायला एकाच्या जागी तीन जावई आले. मी सकाळी समोरच्या मुल्गाच्या, म्हणजे इकडच्या बाभळीच्या, झाडाखाली घराकडे पाठ करून बसायची आणि काळा चहा पीत हातोड्यांचे आवाज मोजायची. लेटिशा ये-जा करायची. खिळा वाकडा गेल्याचा आवाज आला की मी तिच्याजवळ दहा शिव्या द्यायची. त्याच्यापर्यंत दोनच पोचायच्या आणि त्याही धुऊन पुसून, हे मला ठाऊक होतं.

"काय सांगितलंस त्याला?" मी विचारायची.

"सांगितलं, आई म्हणते जरा जपून."

पाच आठवड्यांनी माणसं हत्यारं उचलून जेवायला गेली तेव्हा मी आत शिरायला गेले आणि दारातच थांबले. त्या लांब खोलीच्या मधोमध नवी भिंत उभी होती, वरपासून खालपर्यंत. मी बाहेरून वळसा घालून पूर्वेला गेले. तिथे एक दरवाजा होता, आत एक खोली, लहानशी न्हाणी. मला वाटलं, हरामखोराने माझ्या नावावर होणाऱ्या घरात स्वतःसाठी वेगळं बिऱ्हाड थाटलं. लेटिशाला हाक मारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात पाय पायरीवर पडला.

पायरी अर्ध्याच उंचीची होती. खुब्यामुळे माझा उजवा पाय दोन वर्षं घासतोय, तो अलगद वर आला. डाव्या हाताला लोखंडी दांडा होता, माझा हात आपसूक पडेल तिथे. नकाशात दांडा समोरच्या दरवाजाला होता, तोही उजवीकडे.

"तू सांगितलंस का त्याला माझ्या पायाचं?" लेक आली तसं मी विचारलं.

ती म्हणाली, नाही, मी कशाला सांगू. मग मी खाली बघितलं. तांबड्या वाळूत झाडापासून घरापर्यंत माझी पावलं उमटली होती, एक स्वच्छ, एक फरपटलेलं, आणि काठीची भोकं सगळी डाव्या, स्वच्छ पावलाच्या बाजूला. आमच्याकडे तोंडाआधी माणसाचं पाऊल ओळखतात. माझ्या तोंडाकडे बघायला त्याला बंदी आहे, पावलांकडे बघायला नाही. मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून त्याचा आणखी राग आला.

तपासणीला केरिन आली. भिंतीवर टिचकी मारली, नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला.

"मिर्टल, ही भिंत नकाशात नाही. हा दरवाजाही नाही."

मी म्हटलं, मला दिसतंय. ती म्हणाली, चौदा दिवसांत हे काढा, नाहीतर घर नावावर होणार नाही. मी विचारलं, आता काढते, कागद मिळाला की पुन्हा बांधू का? तर म्हणे, दहा वर्षं नकाशात बदल करता येणार नाही. मी त्रेसष्ट वर्षांची आहे.

त्या संध्याकाळी त्याचा निरोप आला. लेटिशा म्हणाली, तो म्हणतो, आई सांगेल तसं. पाड म्हणाली तर उद्याच पाडतो आणि आम्ही बाहेर शेडमध्ये राहतो, पण कागद जाऊ देऊ नको. रात्रभर मला ऑफिसातली किल्ल्यांची फळी दिसत होती.

शेवटच्या दिवशी उजाडताच मी उशी घेऊन त्या अर्ध्या पायरीवर जाऊन बसले, भिंतीला पाठ लावून. पाडायला ऑफिसने धाडलेली तीच माणसं आली आणि कोपऱ्यावरच माघारी फिरली. तिघेही जावई, मी बसलेय तिथे येणार कसे? राहिला बॉब. घण खांद्यावर घेऊन तो जवळ आला, माझ्याकडे बघितलं, मग कंबर चोळत म्हणाला, मला आज वाकता येत नाही. माणूस वाईट नाही.

दुपारी केरिन आली. तिच्या हातात माझ्या घराचा कागद होता. तिने मुद्दाम मला दिसेल असा धरला.

"मिर्टल, तुम्ही फक्त उठा. एका दिवसाचं काम आहे. मग घर तुमचं."

"माझं घर, आणि त्यासाठी मीच उठायचं?"

"नियम मी केलेले नाहीत."

"हो ना. नियम तू केले नाहीस, नकाशा तू काढला नाहीस, कुलूप तू बदललं नव्हतंस. मग तू इथे येतेस तरी कशाला, पोरी?"

ती लाल झाली. गाडीत जाऊन तिने दुसरा कागद काढला. माझ्या मर्जीने मी योजनेतून बाहेर पडते आहे, घर पहिल्यासारखं सरकारी आणि भिंत पाडायची अट रद्द, असं त्यात लिहिलं होतं. मर्जी हा शब्द तिने मला दोनदा वाचून दाखवला. मला तो कागद तिच्या तोंडावर फेकायचा होता. मी तो गुडघ्यावर ठेवून सही केली. सत्तावीस वर्षांचं घर गेलं ते एका सहीत, आणि सही माझीच. ती गेल्यावर मी उठायला गेले तर पाय उचलेना. दांड्याला धरून उभी राहिले.

दिवस मावळायला लेटिशा आली. तिने माझ्या हातात दोरीत ओवलेली एक किल्ली ठेवली.

"या दरवाजाची. त्याने दुकानातून कुलूप आणून बसवलंय. एकच किल्ली आहे."

"आणि ऑफिसची?"

"ऑफिसला दिलीच नाही. त्यांच्या नकाशात हा दरवाजा कुठे आहे?"

मी किल्ली लावून बघितली. कुलूप सहज फिरलं. लेटिशा तरीही जाईना, पायाने वाळू उकरत उभी राहिली.

"त्याने अजून एक सांगायला सांगितलंय. म्हणाला, आईला सांग, त्या दिवशी मी फुटबॉलला जायला नको होतं."

सहा वर्षं साठवलेल्या शिव्या माझ्या जिभेवर होत्या. एकही तोंडातून निघेना. मी किल्ली गळ्यात घातली आणि झग्याच्या आत सोडली.

"त्याला सांग, दरवाजा कुरकुरतो."

"कुरकुरत नाही गं, आई."

"तू सांग तर खरं. आणि हे आहे तस्संच सांग."