सुंदर अक्षराची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी प्रश्नपेटी आहे, आणि ज्या एका कामासाठी मला बनवले तेच मला नीट जमले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही माझ्याकडून फार मोठी अपेक्षा ठेवणार नाही.

गावातल्या सुताराने एका मोडक्या दाराच्या फळीतून मला बनवले. वर एक फट, पुढे एक कुलूप. नर्सबाईंनी सांगितले म्हणून त्याने मला आतून घासून गुळगुळीत केले, कारण आत पडणारे कागद फाटायला नको होते. "एवढे लाड कागदांचे?" असे तो म्हणाला खरा, पण घासले मात्र मन लावून.

नर्सबाई दर महिन्याला वाचनालयाच्या खोलीत सभा घेत. जे पुरुष पुरुषांवर प्रेम करतात, ज्या बायका बायकांवर प्रेम करतात, त्यांना गावात मान खाली न घालता राहता यावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या सोबतीला आपला बसचालक असे. तो आणि त्याचा जोडीदार नऊ वर्षे एका घरात राहत होते. सगळ्यांना ते ठाऊक होते आणि कोणी तोंडाने बोलत नव्हते. म्हणूनच माझी गरज पडली. नाव न लिहिता प्रश्न लिहायचा आणि माझ्यात टाकायचा, असा नियम ठरला.

पहिल्याच महिन्यात माझे पोट भरले. काही चिठ्ठ्या इतक्या घाणेरड्या होत्या की मी लाकडाची आहे याचे मला बरे वाटले. पण काही खऱ्या होत्या. "तुमच्यात स्वयंपाक कोण करतं?" असे एकीने विचारले होते. बसचालक म्हणाला, "ज्याला आधी भूक लागते तो." खोली हसली. पुढच्या महिन्यात चार खुर्च्या जास्त आणाव्या लागल्या. लोक जाता जाता माझ्यावर थाप मारून म्हणत, ही पेटी कामाची आहे हो. मी फुगून गेले होते, खोटे कशाला बोलू?

चिठ्ठ्या वाचायला नर्सबाईंनी गुरुजींना बसवले. पस्तीस वर्षे गावातल्या शाळेत शिकवून ते निवृत्त झाले होते. ते आले की त्यांच्या मागे सारे गाव येई. नर्सबाई बाहेरच्या होत्या. या गावातल्या प्रत्येकाचा हात धरून गुरुजींनीच लिहायला शिकवले आहे, हे त्यांच्या लक्षातच आले नाही. गावातल्यांच्याही आले नाही. माझ्याही नाही.

त्या दिवशी गुरुजींनी एक चिठ्ठी उलगडली आणि खणखणीत आवाजात वाचली. "एका बाईबरोबर मला आयुष्य काढायचं आहे. घरच्यांनी माझं लग्न दुसरीकडे ठरवलं आहे. नाही कसं म्हणू? मला मदत करा."

वाचून झाल्यावर त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! हे अक्षर मी कुठेही ओळखेन. सुंदर हस्ताक्षराचं पहिलं बक्षीस सलग तीन वर्षं दिलंय मी हिला." आणि त्यांनी कौतुकाने खिडकीजवळ बसलेल्या शिंपीणताईकडे पाहिले. मग सगळ्यांनीच पाहिले.

नर्सबाईंनी कागद हिसकावून घेतला, पण आता त्याचा काय उपयोग होता? ताई उठली आणि चपला हातात घेऊन अनवाणीच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला. तो ओरडला नाही. "बाई, लग्न आता येत्या रविवारी आहे. तुम्ही येऊ नका," एवढेच म्हणाला. ताईला शिलाई मशीनसकट एका खोलीत कोंडले होते. घरात शिवणारी असताना बाहेर कशाला टाकायचे, म्हणून तिचे लग्नाचे कपडे तिच्याकडूनच शिवून घेतले. रोज तिला एकच विचारत, ती दुसरी कोण? तिने ते सांगितले नाही. मारले तरी सांगितले नाही.

नर्सबाई गुरुजींकडे गेल्या होत्या. परत येऊन त्यांनी बसचालकाला सांगितले, "म्हणतात, मी नाव कुठे घेतलं? मी तर अक्षराचं कौतुक केलं. त्यांना अजून कळलेलंच नाही रे. आणि तिथे बसवलं त्यांना मीच."

रविवारी लग्न लागले आणि ताईला दूर नेले. त्या आठवड्यात माझ्यात पुष्कळ चिठ्ठ्या पडल्या. प्रश्न एकाही चिठ्ठीत नव्हता. ती दुसरी कोण असेल याचे अंदाज होते, सात बायकांची नावे होती. बसचालकाने एकेक वाचून फाडली. मग गावाने तक्रार केली, नर्सबाईंची बदली झाली, सभा बंद पडल्या. मला कपाटावर चढवायचे ठरले.

त्याच्या आदल्या दुपारी खोलीत कोणी नसताना एक बाई आली. तिने कागद माझ्यावर ठेवला, पेन्सिल टेकवली आणि तशीच उभी राहिली. ती रडत होती. गुरुजींनी तिलाही लिहायला शिकवले होते. शेवटी तिने एक अक्षरही न लिहिता कागदाची घडी घातली आणि फटीतून आत सोडली.

ती चिठ्ठी अजून माझ्यात आहे. किल्ली नर्सबाईंबरोबर गेली, म्हणून मला कोणी उघडलेले नाही. मित्रांनो, कोणी विश्वासाने तुमच्या हाती काही दिले, तर ते आधी झाकून ठेवा, कौतुक नंतर करा. आणि कधी माझे कुलूप तोडलेत, तर तो कागद कोरा आहे म्हणून फेकू नका.

ती बाई कोण, हे मात्र मला विचारू नका. मी सांगणार नाही.