संत्र्याची साल

"पुरळ आहे, दुसरं काही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि दीपमालाचा जीव भांड्यात पडला. अमरावतीहून अकोल्यापर्यंत एस.टी.त तिनं तीन महिन्यांच्या लेकीला ओढणीखाली असं गुंडाळून आणलं होतं, की शेजारच्या बाईनं मूर्तिजापूर यायच्या आतच दोनदा विचारलं, "बाई, पोरगी श्वास घेते ना?"

"नुसतं खोबरेल लावा. चार दिवसांत गाल पहिल्यासारखे होतील," डॉक्टरीणबाई पुढं म्हणाल्या. "पण हिला लावलं काय होतं तुम्ही?"

प्रश्न साधा होता. दीपमालाच्या तोंडून उत्तर मात्र भलतंच निघालं. "सासूबाईंनी लावलं काहीतरी. जुन्या बायका, ऐकत नाहीत."

शेजारी बसलेली तिची मैत्रीण सुरैय्या वळून तिच्याकडे बघायला लागली. दीपमालानं बाळाचं झबलं सारखं करायचं निमित्त काढून मान खाली घातली.

आता खरं सांगायचं तर पार्बताबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, नातीला खोबरेलाशिवाय कसलंही बोट लावलं नव्हतं. लावलं होतं दीपमालानं. मोर्शीहून, माहेरून, आणलेल्या संत्र्यांच्या वाळल्या साली तिनं मिक्सरमधून काढल्या, ती पूड सायीत कालवली आणि सासूबाई देवळात गेल्या असताना लेकीच्या गालांना, छातीला चोळली. पोरगी टाहो फोडून रडली. दीपमाला चोळत राहिली. चोळता चोळता तिच्या तोंडून शब्द गेले, "थोडं झोंबू दे, गोरी होशील."

हे शब्द तिच्या काकूचे. मोर्शीच्या घरी संत्र्यांच्या हंगामात अंगणभर साली वाळत पडायच्या. दर रविवारी काकू त्यांची पूड करून दीपमालाचं तोंड घासायची. डोळ्यांत जायचं, आग व्हायची, रंग होता तसाच राहायचा. काकू काही दुष्ट नव्हती. पोरीचं लग्न कसं जमेल या काळजीनं घासायची, आणि काळजीनं घासलेलं माणूस ओरडूही शकत नाही, ही त्यातली गोम.

पुढं अकोल्याला शेतकी शिकायला गेल्यावर कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मेकअपवाल्या बाईनं तिच्या तोंडावर पांढरा थर दिला. मान आणि हात मात्र तसेच सोडले. मागच्या रांगेतून एक पोरगा ओरडला, "हबशीण आली रे!" अख्खा मंडप हसला. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये त्याच पोरानं पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा तिची खोलीतली मैत्रीण उठली आणि पातळ वरणाचं भगुणं तिनं त्याच्या ताटात उपडं केलं. ताट, भात, शर्टाची बाही, सगळं पिवळं. ती सुरैय्या. तेव्हापासून या दोघींचं कोणी वेगळं नाव घेतलं नाही.

पण सुरैय्या पुण्याला तिच्याबरोबर थोडीच जाणार होती? तिथं दीपमाला नोकरीच्या निमित्तानं खोली बघायला गेली, तर घरमालकिणीनं तिला इंग्रजीत विचारलं, आफ्रिकेतून आलात का. दीपमालानं मराठीत उत्तर दिलं. त्यावर बाई कौतुकानं म्हणाल्या, "अगंबाई, मराठी छान बोलता हो तुम्ही!" मग तिचं वऱ्हाडी ऐकून हसल्या, ते वेगळंच. खोली मिळाली नाही. वर्षभरात दीपमाला परत आली, अमरावतीला कृषी सहायक म्हणून लागली, रोहितशी लग्न झालं. रोहितनं तिच्या रंगाबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही, सासूनंही नाही. तिला वाटलं, संपलं. पण असलं काही संपत नसतं, ते दबा धरून बसतं.

लेक झाली ती आईच्या रंगाची. रविवारी अमरावतीला बारसं ठरलेलं, सगळं गणगोत येणार. त्याआधीच रोहितच्या चुलत काकू, केशरबाई, बाळाला बघून गेल्या. "नाक बापाचं घेतलं," त्या म्हणाल्या, "रंग तेवढा मायचा घेतला बिचारीनं." बिचारीनं! दीपमालाच्या डोक्यात तो शब्द कुसळासारखा रुतून बसला. साली मिक्सरमध्ये गेल्या त्या दुसऱ्या दिवशी.

गाल लालभडक झाले, बारीक फोड आले, तशी तिची पाचावर धारण बसली. अमरावतीत डॉक्टरांची काय कमी आहे? पण तिथं बरोबर सासूबाई आल्या असत्या. म्हणून तिनं अकोल्यातल्या सुरैय्याच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंचं नाव पुढं केलं. पार्बताबाईंनी फक्त डब्यात पोळ्या बांधून दिल्या. "जाय. पण दुपारच्या आत पोच, ऊन हाय," एवढंच म्हणाल्या.

दवाखान्यातून निघालेली ऑटो मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरेपर्यंत सुरैय्या एक शब्द बोलली नाही. सुरैय्या गप्प, म्हणजे काहीतरी शिजतंय. घरी पोचल्यावर तिनं पोरीला पलंगावर निजवलं, पंखा लावला, दीपमालाच्या हातात पाण्याचा गिलास दिला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"लाव फोन."

"कोणाले?"

"तुह्या सासूले. चेहरा दिसला पाहिजे मले त्यायचा."

"जाऊ दे ना बाप्पा, सुरैय्या. बरी होऊन राहिली ना पोट्टी?"

"कायले जाऊ दे? तुह्या वक्ताले कोणी बोललं नाही, म्हणून तू जल्मभर जळत राहिली. हिच्या वक्ताले मी बोलीन." आणि दीपमालाच्या पिशवीतला फोन काढून घेऊन तिनं स्वतःच व्हिडिओ कॉल लावला.

पार्बताबाई सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसल्या होत्या. फोन भिंतीला टेकवून त्यांनी चष्मा लावला. "कोण? सुरैय्या? काय वं माय, कशी हायेस?"

"सलाम, काकू. रागावू नका, पण मी आज भांडाले फोन केला," सुरैय्या म्हणाली, आणि लागली की भांडायला. "त्या नाजूक पोट्टीच्या गालाले काय लावलं तुमी? गोरी कराची होती? दीपमालानं लहानपणापासून जे भोगलं, तेच तिच्या लेकीच्या नशिबी लिहून राहिल्या काय? मी समजत होती का तुमच्या घरात तरी इले कोणी रंग विचारत नाही. लय मानत होती मी तुमाले, खुदा की कसम!"

पार्बताबाईंच्या हातातली सांबाराची जुडी तशीच राहिली. दीपमाला सुरैय्याच्या बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही अशी उभी होती, तिथून तिला त्यांचा चेहरा दिसत होता, त्यांना ती दिसत नव्हती. आता सासूबाई चिडतील, म्हणतील, कोणी सांगितलं तुले, मी कुठं काय लावलं, आणि आपलं बिंग फुटेल.

पार्बताबाई हळूच म्हणाल्या, "हो वं माय. चुकलं माह्यं. मीच लावलं. म्हातारपणी अक्कल गहाण पडली. पोट्टी बरी हाय ना आता?"

सुरैय्याची सगळी हवाच गेली. कबूल करणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

आणि दीपमाला? ती गप्प राहिली असती तर सगळं निभलं होतं. सासूनं कबूल केलं, मैत्रिणीनं मानलं, डॉक्टरीणबाईंना सांगितलेली थाप खरी ठरली. रविवारी पाहुण्यांनी विचारलं असतं तरी पार्बताबाईंचं नाव पुढं झालं असतं. पण त्या बाईचा चष्म्यामागचा चेहरा बघून तिला राहवेना. तिनं सुरैय्याच्या हातून फोन ओढून घेतला.

"आई, तुमी काहून असं बोलता? तुमी नाही लावलं. मी लावलं. तुमी देवळात गेल्या होत्या तवा."

"मले ठाऊक हाय," पार्बताबाई म्हणाल्या.

"ठाऊक हाय?"

"झबल्याले संत्र्याचा वास येत होता वं. आपल्या घरात संत्र्याची साल सायीत कोण कालवते? मोर्शीची पोरगीच ना?"

"मंग बोलल्या काहून नाही मले?"

"तू सांगशील म्हणून थांबली."

"अन् आता खोटं काहून बोलल्या?"

पार्बताबाईंनी जुडी परडीत टाकली. "बाई, रंगापायी तू इतक्या लोकाईचं ऐकून घेतलं. मी एका तुह्या मैतरणीचं ऐकून घेतलं, तं काय मोठं झालं?"

दीपमाला रडली. चांगली हमसून हमसून रडली, लाजबीज न धरता, आणि कोणी तिला गप्प राहा म्हटलं नाही. लहानपणी तोंड घासताना, मंडपात, पुण्याला त्या घरमालकिणीच्या दारात, जिथं जिथं रडायचं राहून गेलं होतं, ते सगळं आज निघालं. सुरैय्यानं तिला जवळ घेतलं. फोन पलंगावर उताणा पडला होता, त्यातून पार्बताबाई फिरत्या पंख्याशीच बोलत होत्या, "रडू दे वं तिले, रडू दे."

जरा शांत झाल्यावर सुरैय्यानं फोन उचलला. तिचा चेहरा पार उतरला होता. "काकू, माफ करा. मी नाही नाही ते बोलली तुमाले."

"माफी कायची? पोट्टीसाठी भांडणारं कोणी हाय, हे पाहून मी निवांत झाली. आता ऐक. रोहितले बहीण नाही. रविवारी पोट्टीच्या कानात नाव सांगाले आत्या पाहिजे. तूच हो."

"मी? काकू, तुमचे पाहुणे काय म्हणतीन?"

"म्हणतीन ते म्हणतीन. आता भांडली ते आत्यासारखीच भांडली ना तू? मंग नाव सांगाले काय झालं?"

फोन ठेवल्यावर सुरैय्या स्वयंपाकघरात गेली आणि मूठभर लाल मिरच्या, मीठ घेऊन आली. पोरीवरून ओवाळून झालं, तशी म्हणाली, "आता तू बस."

"मले कोणाची नजर लागते वं?"

"चूप बस."

दीपमाला बसली. तिच्या घरी दर लग्नकार्यानंतर भावाची दृष्ट निघायची, चुलत बहिणींची निघायची. तिची पाळी आली की काकू मिरच्या चुलीत टाकून मोकळी व्हायची. इले कोणाची नजर लागते, हे वाक्य काकूचंच. आज एकतीस वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा कोणीतरी तिच्या डोक्यावरून, खांद्यावरून, पायांपर्यंत मिरच्या उतरवत होतं, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत. त्यातलं अक्षर तिला कळलं नाही. एवढंच कळलं, की छातीवर केव्हापासून ठाण मांडून बसलेलं कोणीतरी उठून चाललंय.

मिरच्या विस्तवावर पडल्या. ठसका कोणालाच लागला नाही.

"पाह्य," सुरैय्या विजयानं म्हणाली, "ठसका नाही! भारी नजर होती. इतकी सुंदर दिसते, लागणारच ना." पंखा पाचावर होता आणि दोन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या, हे खरं. पण दीपमाला काही ते बोलली नाही. तिला हसू येत होतं.

रविवारी अमरावतीच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सुरैय्या जांभळी साडी नेसून आली होती. आदल्या दिवशी तिनं फोन करून आत्यानं नक्की काय काय करायचं ते पार्बताबाईंकडून घोकून घेतलं होतं. एक गोष्ट मात्र त्यांनी मुद्दाम सांगितली नव्हती. सुरैय्यानं पाळण्यावर वाकून पोरीच्या कानात "कुर्र" केलं, "रेवती" म्हटलं, आणि पाठीत धपाधप धपाटे बसायला लागले. "अरे, माराले काहून लागल्या सगळ्या?" ती ओरडली. बायकांची हसून हसून मुरकुंडी वळली. आत्याला मार खावाच लागतो, असं कळल्यावर ती म्हणाली, "मंग आधी सांगाचं ना काकू, पाठीले उशी बांधून आली असती!"

हसण्याचा भर ओसरला तशा केशरबाई पाळण्याशी आल्या. "अगं पार्बता," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पोट्टीचे गाल असे लाल काहून? काय लावलं वं तिले?"

पार्बताबाईंनी तोंड उघडलंच होतं. त्या काय बोलणार हे दीपमालाला ठाऊक होतं, म्हणून ती आधी बोलली.

"मी लावलं होतं, काकू. संत्र्याची साल. गोरी व्हावी म्हणून." या वेळी तिनं मान खाली घातली नाही. "तिले झोंबली. मलेबी लहानपणी झोंबत होती, तरी मी लावली. आता नाही लावणार. तिचा रंग माह्यासारखा हाय, अन् तो मले पसंत हाय."

सुरैय्या पदर खोचून तयारच होती, केशरबाईंनी एक शब्द वावगा काढायचा अवकाश. केशरबाई दीपमालाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदरानं आपला पावडर लावलेला गाल खसाखसा पुसला. खाली चांगला सावळा रंग होता.

"मले तं माह्या मायनं विटकरीनं घासलं होतं," त्या म्हणाल्या. "कातडं गेलं, रंग नाही गेला."

आधी पार्बताबाई हसल्या. मग सगळ्याच हसल्या, आणि कोणी लिंबाचं सांगायला लागली, कोणी मुलतानी मातीचं, एकीला तर लग्नाआधी महिनाभर घरात कोंडून ठेवलं होतं, उन्हात जाऊ नये म्हणून. सांगता सांगता एकदोघींचे डोळे भरले, तरी हसणं काही थांबेना. आपल्या रंगाच्या गोष्टीवर दीपमाला आयुष्यात पहिल्यांदा हसत होती आणि ते हसणं तिला कुठंच बोचत नव्हतं.

त्या गलक्यानं रेवती जागी झाली. दीपमालानं तिला उचललं आणि बाहेर ओसरीवर पुरुषमंडळी बसली होती तिथं, भर उजेडात, रोहितच्या हातात नेऊन दिलं.

"घ्या," ती म्हणाली, "सगळ्याईले दाखवून आणा."