राजांच्या क्रमाने

इतिहासाच्या मास्तराशी संसार करावा, पण त्याच्याबरोबर जुनी राजधानी बघायला जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी वन्संच्या गळ्याची शस्त्रक्रिया होती, म्हणून आम्ही तिघं त्या शहरात आलो होतो. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं : गाठ निघेल, पण आवाज पूर्वीसारखा राहीलच असं नाही. जन्मभर देवापुढे गायलेल्या वन्सं. त्यांनी भावाकडे एवढंच मागितलं, "दादा, तो घुमतो म्हणतात ना, त्या घुमटाखाली मला एकदा गायचंय." घुमट आमच्या खोलीच्या खिडकीतून दिसत होता. रस्ता ओलांडला की झालं.

पण आमचे हे! "घुमट शेवटच्या राजाचा. आधी पहिला राजा," म्हणून यांनी रिक्षा थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, पडक्या वेशीपाशी नेली. वेशीची एक भिंत काय ती उरलेली. तिच्यापुढे यांनी असं व्याख्यान लावलं की सावलीतल्या शेळ्यासुद्धा उठून गेल्या. दुसऱ्या राजाचा तलाव पुन्हा घुमटापाशी. तिसऱ्याचा किल्ला परत वेशीकडे.

तलावाच्या काठी मी म्हटलं, "अहो, घुमट हा काय समोर. आता आलोच आहोत तर..."

"मुलगा बापाच्या आधी जन्मतो का?"

"नाही जन्मत. पण बहिणीचा गळा बसला तर तुमची वंशावळ गाणार आहे का?"

वन्सं खळखळून हसल्या आणि लगेच खोकल्या.

"हसू नका!" मी त्यांच्यावरच ओरडले. "गळा जपा!"

चौथ्या राजाच्या महालात प्रत्येक राणीचं माहेर सांगून झालं. माझं विचारलं असतं तर आठवलं नसतं. कीर्तनात पूर्वरंग लांबला तरी आपण बुवांना सांभाळून घेतो, कारण आख्यान लागणार याची खात्री असते. इथे उन्हं कलली तरी यांचं नमनच सरेना.

मी महालाच्या पायऱ्यांवर बसकण मारली. "आता घुमट."

"पाचवा राजा..."

"मसणात गेला पाचवा राजा!"

"तेच. त्याची समाधी बघायचीय."

वन्सं हळूच म्हणाल्या, आवाज आताशा खरखरतच होता, "दादा, मुद्दाम करतोयस ना?"

हे दुसरीकडे बघू लागले. "घुमट झाला की मग उद्याच उरतो गं."

इतका वेळ साठवलेला राग कुठे ठेवावा मला कळेना. "रिक्षा बोलवा," एवढंच म्हटलं.

घुमटात पोचलो तेव्हा लोक हाका मारून आपापला आवाज परत ऐकत होते. वन्सं मधोमध उभ्या राहिल्या. पहिला सूर चिरकला. दुसरा लागला आणि वर जाऊन असा फिरला, की हाका मारणारे आपसूक गप्प झाले. देवा, कान तृप्त झाले! ध्रुवपद झालं, पहिलं कडवं झालं, तोच पहारेकरी किल्ल्या वाजवत आला. "चला, चला, बंद करायचंय."

हे वर्गात गरजावं तसे गरजले, "गप्प उभा राहा! तिचं पद व्हायचंय अजून. बंदच करायचं तर आम्हाला आत ठेवून कर!"

पहारेकऱ्याने किल्ल्या मुठीत धरल्या. वन्संनी डोळे मिटले आणि पुढचं कडवं घेतलं.