ओडेसामावशींची हरकत

आमच्या सिनेमाचा खर्च फिलाडेल्फियातल्या आमच्या चर्चच्या बायका तळलेले मासे विकून भागवत होत्या. सिनेमा दोन काळ्या मैत्रिणींचा आहे, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. त्यांच्या म्होरक्या ओडेसामावशी शूटिंग बघायला आल्या, त्या नेमक्या चुंबनाच्या दिवशी. त्यांनी हात आखडला की सिनेमा संपला.

झोपलेल्या लेकीला खांद्यावर सावरत मी हळूच ‘अ‍ॅक्शन’ म्हटलं. बिछान्यातल्या दोघी जवळ आल्या.

“थांबा!” मावशी कडाडल्या. “लाज नाही वाटत? आपल्या काळ्या बायकांतली कुठली केस जपायला डोक्याला रेशमी रुमाल न बांधता झोपते गं? लोक म्हणतील, या पोरींना आया नाहीत!”

“आणि चुंबन, मावशी?”

“ते घ्या की सावकाश. आधी केस झाका.”